सरोवरावरची राजधानी

इ. स. १५१९ च्या नोव्हेंबर महिन्याची ८ वी तारीख होती. मेक्सिकोच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें सात हजार तीनशें फूट उंचीवर, एका विस्तीर्ण सरोवरांतून सरळ गेलेल्या दगडमातीच्या सेतूवरून सुमारें चारशें स्पॅनिश शिपाई पुढें चालले होते. सेतु इतका रुंद कीं आठ घोडेस्वारांनीं त्यावरून बरोबरीनें जावें. दोन्ही बाजूंस पाणी, पाण्यावर माणसांनीं भरलेल्या होड्यांची दाटी, आणि समोर सरोवरांतूनच उगवल्यासारखें दिसणारें देवळांचें व वाड्यांचें पांढरेंशुभ्र शहर. त्या शिपायांत बेर्नाल दियास नांवाचा एक तरुण होता. म्हातारपणीं आपल्या आठवणी लिहितांना त्यानें नमूद केलें आहे कीं, हें सारें आपण जागेपणीं पाहत आहों कीं स्वप्नांत, अशी शंका त्या दिवसांत बरोबरीच्या कित्येकांस आली.

त्या शहराचें नांव तेनोच्तित्लान. तेथील वस्ती दोन लाखांच्या घरांत असावी असें पुष्कळ अभ्यासक मानतात. कांहीं याहून बरीच कमी धरतात. दोन लाखांचा आकडा खरा मानला तर त्या काळच्या स्पेनमध्यें त्याच्या तोडीचें एकहि शहर नव्हतें. आणि त्या दिवसापासून पुरतीं दोन वर्षें होण्यापूर्वींच, १५२१ च्या ऑगस्टमध्यें, त्या शहराच्या जागीं दगडविटांचे ढीग उरले होते.

मूठभर स्पॅनिशांनीं एवढें राज्य कसें जिंकलें, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. आणि घोडा व बंदूक या दोन शब्दांत त्याचें उत्तर देऊन मंडळी मोकळी होतात. तें उत्तर अपुरें आहे. हें शहर पाण्यावर जगत होतें, पाण्याला बांधून वाढलें होतें, आणि ज्या दिवशीं तें पाणी शत्रूच्या हातीं गेलें त्या दिवशीं त्याचें मरण ठरलें. यासाठीं शत्रूकडे वळण्यापूर्वीं पाण्याकडे पाहिलें पाहिजे.

ज्या लोकांस आज सर्वत्र अझ्टेक म्हणतात ते स्वतःला मेशिका म्हणवीत. अझ्टेक हें नांव एकोणिसाव्या शतकांतील लेखकांनीं रूढ केलें. मेशिका उत्तरेकडून भटकत भटकत या खोऱ्यांत आले तेव्हां चांगल्या जमिनी इतरांनीं अगोदरच अडविलेल्या होत्या. निवडुंगावर बसलेला गरुड जेथें दिसेल तेथें वस्ती करा, अशी त्यांच्या देवाची आज्ञा होती, आणि तो गरुड त्यांना सरोवरांतील एका दलदलीच्या बेटावर दिसला, असें त्यांची परंपरा सांगते. साल १३२५ मानतात. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर आजहि तोच गरुड आहे. देवानें दाखविलेली जागा असें तिचें वर्णन होतें खरें. शेजाऱ्यांपैकीं कोणालाहि नको असलेली जागा, असें म्हटलें तरी फारसें चुकणार नाहीं.

मेक्सिकोचें खोरें म्हणजे डोंगरांच्या कांठाची एक भली मोठी परात आहे. या परातीला फुटकें भोक नाहीं. एकहि नदी खोऱ्याबाहेर वाहत जात नसे. पावसाचें पाणी आंत येई आणि तेथेंच सांचे. त्यामुळें तेथें पांच सरोवरें झालीं होतीं, व पावसाळ्यांत तीं एकमेकांस मिळून एकच होत. त्यांतील मधलें तेश्कोको सरोवर सर्वांत सखल. चोहोंकडचें पाणी शेवटीं तेथें उतरून उन्हानें आटे आणि क्षार मागें राहत, म्हणून तें खारें. दक्षिणेकडील चाल्को व सोचिमिल्को हीं सरोवरें किंचित् उंचावर असून झऱ्यांच्या पाण्यानें भरत, म्हणून तीं गोडीं. तेनोच्तित्लानचें बेट या खाऱ्या व गोड्या पाण्याच्या जणुं सीमेवर होतें. पाऊस अधिक झाला कीं पूर्वेचें खारें पाणी चढून शहरांत व शेतांत शिरे. पूर तर ओसरतो. पण मीठ जमिनींतून लवकर जात नाहीं.

१४४९ सालीं असा एक मोठा पूर आला. पहिला मोक्तेसूमा तेव्हां राज्यावर होता. त्यानें तेश्कोकोचा राजा नेसावाल्कोयोत्ल याची मदत मागितली. हा राजा कवि म्हणून जितका प्रसिद्ध तितकाच बांधकामांतील जाणकार होता. त्याच्या योजनेनें सरोवराच्या आरपार, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारें दहा मैल लांबीचा बांध घालण्यांत आला. लांकडी खुंटांच्या रांगा ठोकून त्यांमध्यें दगड व माती भरलेली, आणि पाणी आंतबाहेर सोडण्यासाठीं ठिकठिकाणीं दारें ठेवलेलीं. बांधाच्या पूर्वेस खारें पाणी राहिलें; पश्चिमेस शहराभोंवतीं डोंगरांतील ओढ्यांचें व झऱ्यांचें पाणी सांचून तो भाग हळूहळू गोडा झाला. सरोवराचे असे दोन भाग करणें ही गोष्ट कागदावर सोपी वाटते. पण या लोकांजवळ लोखंडाचें हत्यार नव्हतें, गाडी नव्हती, बैल नव्हता. चाक त्यांना ठाऊक नव्हतें असें म्हणतात, तें मात्र खरें नाहीं; मेक्सिकोंत मातीच्या खेळण्यांना चाकें लावलेलीं सांपडलीं आहेत. गाडी ओढण्यास जनावरच नसल्यावर चाकाचा उपयोग खेळण्यापलीकडे काय होणार? दगड न् दगड होडींतून किंवा हमालाच्या पाठीवरून आला.

बांधाच्या आडोशाला त्यांची शेती फुलली. या शेतांना चिनाम्पा म्हणत. त्यांना 'तरंगते मळे' असें नांव पडलें आहे, पण तीं तरंगत नव्हतीं. काश्मीरच्या दल सरोवरावर खरोखरीच तरंगणारे वाफे आहेत. चिनाम्पा त्यांहून अगदीं वेगळ्या. उथळ पाण्यांत खुंट ठोकून एक लांबट चौकोन आंखावयाचा, खुंटांभोंवतीं फांद्या विणून कूड करावयाचा, मग त्यांत पाणवनस्पतींचे थर आणि सरोवराच्या तळाचा काळा गाळ आळीपाळीनें टाकीत जावयाचें, तों तों जमीन पाण्याच्या वर येते. कडेनें वाळुंजाच्या जातीचीं झाडें लावावयाचीं. त्यांचीं मुळें कांठ घट्ट धरून ठेवतात. दोन शेतांच्या मधून होडी जाईल एवढा कालवा सोडावयाचा. बाजूच्या कालव्यांतून ओलावा मुळांपर्यंत आपोआप झिरपतो, त्यामुळें पाऊस लांबला तरी पीक सुकत नाहीं. गाळाच्या छोट्या वड्यांवर रोपें तयार करून ठेवीत व एक पीक निघतांच दुसऱ्याची लावणी करीत. जमीन वर्षांत रिकामी अशी जवळजवळ राहतच नसे. मका, घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो आणि ढीगभर फुलें या शेतांतून निघत. यांतील मिरची पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. ती परदेशची आहे हें आज सांगितलें तर आपल्या स्वयंपाकघरांत कोणाला पटावयाचें नाहीं.

खतासाठीं शहराचा मैला वापरीत. कडेला आडोसे केलेले असत, तेथून सोनखत होड्यांत भरून शेतांकडे जाई. त्या काळीं युरोपांतील बहुतेक शहरांत हीच घाण रस्त्यावर फेंकीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे स्पॅनिश लोकांनीं या शहराच्या स्वच्छतेचें इतकें कौतुक कां केलें तें कळतें.

पिण्याचें पाणी मात्र सरोवराचें नव्हे. तें पश्चिमेच्या चापुल्तेपेक टेकडीवरील झऱ्यांतून, सुमारें तीन मैलांवरून, पाटानें येई. हा पाट जोडीचा होता. एका नळांतून पाणी चालू असे, दुसरा कोरडा. पहिल्यांत गाळ धरला कीं पाणी दुसऱ्यांत वळवून पहिला साफ करीत, म्हणजे शहराचें पाणी एक दिवसहि तुटत नसे. ही युक्ति कोर्तेसनें आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत मोठ्या बारकाईनें वर्णिली आहे. पाटाचें पाणी होड्यांत भरून विकणारे लोकहि त्यानें पाहिले. पुढें त्यानें काय केलें हें ठाऊक असल्यामुळें, त्याची ती बारकाई वाचतांना मन थोडें अस्वस्थ होतें.

पाण्यानें शहराला एकदां इशाराहि दिला होता. वस्ती वाढली, चापुल्तेपेकचें पाणी पुरेना, तेव्हां १४९९ च्या सुमारास आवित्सोत्ल राजानें दक्षिणेकडील कोयोआकानच्या झऱ्यांतून नवा पाट आणण्याचें ठरविलें. हे झरे बेभरंवशाचे आहेत, आवरणार नाहींत, असें कोयोआकानच्या अधिपतीनें सांगितलें. हा स्पष्टपणा राजाला रुचला नाहीं, आणि त्यानें त्याला ठार मारविलें, असें जुन्या बखरकारांचें सांगणें आहे. पाट झाला, पुजाऱ्यांनीं वाजतगाजत पाण्याचें स्वागत केलें, आणि थोड्याच दिवसांत शहर बुडालें. तो पाट मोडून झऱ्यांस पुन्हां कोंडावें लागलें. १५०२ सालीं आवित्सोत्ल वारला व दुसरा मोक्तेसूमा गादीवर आला.

या लोकांचा धर्महि पाण्यापासून दूर नव्हता. शहराच्या मध्यभागीं जें महामंदिर होतें त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उंच चौथऱ्यावर दोन गाभारे होते. एक युद्धाचा देव वित्सिलोपोच्त्ली याचा, दुसरा पावसाचा देव त्लालोक याचा. खंडणी आणि मका, या दोहोंवर शहर जगत होतें. त्या दोहोंचे देव शेजारीं शेजारीं बसविले होते. सृष्टि यापूर्वीं चार वेळां नष्ट झाली असून हा पांचवा सूर्य आहे. देवांनीं स्वतःस अग्नींत झोंकून दिलें तेव्हां तो चालूं लागला. म्हणून मनुष्यानें रक्त देऊन तें ऋण फेडीत राहिलें पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. नरबळीसाठीं त्यांच्या भाषेंत जो शब्द होता त्याचा अर्थहि ऋणफेड असाच आहे. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करून त्यांचा प्रसाद वाटण्याची चालहि त्यांच्यांत होती. आपल्या उपवासाला चालणारा राजगिरा मूळचा त्याच खंडांतला आहे.

नरबळीच्या बाबतींत दोन्हीकडून अतिरेक झाला आहे. १४८७ सालीं महामंदिराच्या वाढीव बांधकामाच्या समारंभांत ८०,४०० माणसें बळी दिलीं, असा आकडा एका स्पॅनिश बखरींत आहे; तो कोणी जाणता अभ्यासक आज खरा मानीत नाहीं. याच्या उलट, हा सारा जेत्यांनीं रचलेला बनाव होता असेंहि कांहीं जण म्हणत. जमिनीनें त्यांना खोटें ठरविलें. १९७८ च्या फेब्रुवारींत मेक्सिको शहरांत विजेच्या तारांसाठीं खोदकाम करणाऱ्या कामगारांना चंद्रदेवी कोयोल्शाउकी हिची कोरलेली प्रचंड शिळा लागली, आणि मग एदुआर्दो मातोस मोक्तेसूमा यांच्या देखरेखीखालीं सारें महामंदिर उकरण्यांत आलें. त्लालोकच्या बाजूस एका ठिकाणीं निदान ४२ लहान मुलांचीं हाडें सांपडलीं. पंधराव्या शतकाच्या मध्याला, १४५४ च्या आगेंमागें, भयंकर दुष्काळ पडला होता; त्या वेळचे हे बळी असावेत. बळीच्या मुलाच्या डोळ्यांतून अश्रु आले तर पाऊस येतो, असें मानीत. २०१५ पासून जवळच कवट्यांचा एक चुन्यानें बांधलेला बुरूज उघडा होत आहे, आणि त्यांत स्त्रियांच्या व मुलांच्याहि कवट्या आहेत. ज्यांनीं चिनाम्पा रचल्या त्यांनींच हेंहि केलें. जे अभ्यासक एक पाहून दुसऱ्याकडे पाठ फिरवितात त्यांना या लोकांची ओळख पटलेली नाहीं.

याच शहरांत सरदाराचा असो वा शेतकऱ्याचा, प्रत्येक मुलगा शाळेंत जात असे. सोळाव्या शतकांतील किती राष्ट्रांबद्दल असें म्हणतां येईल?

आतां शत्रूंकडे. १४२८ सालीं तेनोच्तित्लान, तेश्कोको व त्लाकोपान या तीन नगरांनीं युति करून साम्राज्याचा पाया घातला, आणि पुढील नव्वद वर्षांत शेंकडों गांवें खंडणीखालीं आणिलीं. कापड, मका, कोको, पिसें, सोनें, आणि प्रसंगीं माणसें. जिंकलेल्या प्रदेशांत राजे जुनेच ठेवीत. फक्त मालाचा ओघ राजधानीकडे वाहत राही. पूर्वेकडील त्लाश्काला हें राज्य मात्र जिंकलें गेलें नाहीं. त्याला चोहोंकडून कोंडून त्याचें मीठ व कापूस तोडण्यांत आला. एका पिढीनें अळणी अन्न खाल्लें, आणि तें ती विसरली नाहीं.

एर्नान कोर्तेस १५१९ च्या वसंतांत ११ जहाजें, ५०० च्या वर शिपाई व १६ घोडे घेऊन किनाऱ्यावर उतरला. टाबास्को येथील लढाईनंतर त्याला भेटीदाखल वीस स्त्रिया मिळाल्या होत्या. त्यांत मालिन्त्सिन नांवाची एक बुद्धिमान् दासी होती. तिला मेशिकांची नावात्ल भाषा येत होती व माया लोकांचीहि. तिच्याच तोंडून कोर्तेसला साम्राज्यांतील असंतोष समजला. मोक्तेसूमानें कोर्तेसला परत आलेला केत्सालकोआत्ल देव मानलें, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून फार पसरली आहे. पण ती विजयानंतर रचली गेली असें आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्लाश्कालानें प्रथम स्पॅनिशांशीं लढून पाहिलें, मग सख्य केलें. त्या हिशेबांत देवाचा कांहीं संबंध नव्हता.

शहरांत पाहुणा म्हणून शिरलेल्या कोर्तेसनें मोक्तेसूमाला कैदेंत ठेविलें. १५२० च्या मे महिन्यांत तो बाहेरगांवीं असतां त्याच्या सरदारानें एका उत्सवांत नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची कत्तल केली, आणि शहर उठलें. मोक्तेसूमा त्या धुमाळींत मेला. लोकांच्या दगडांनीं कीं स्पॅनिशांच्या हातून, यावर दोन्ही पक्षांच्या बखरी परस्परविरुद्ध आहेत. ३० जूनच्या रात्रीं पावसांत स्पॅनिश सैन्य त्लाकोपानच्या सेतूवरून पळूं लागलें. सेतूंत जागोजाग फटी होत्या व त्यांवरील फळ्यांचे पूल मेशिकांनीं काढून घेतले होते. बरोबर आणिलेला एकुलता पूल पहिल्याच फटींत अडकून बसला. शेंकडों स्पॅनिश बुडाले किंवा मारले गेले. कमरेला सोनें बांधलेले आधीं बुडाले. १९८१ सालीं मेक्सिको शहरांत पायाच्या खोदकामांत सोन्याची एक कांब सांपडली; ती त्याच पलायनांतील असल्याचें २०२० सालीं तपासणीअंतीं ठरलें.

त्या रात्रीं पाणी शहराच्या बाजूनें लढलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. कोर्तेसनें तो धडा घेतला. त्लाश्कालांत बसून त्यानें मार्तीन लोपेस नांवाच्या कारागिराकडून १३ गलबतें तयार करविलीं. लोखंडी सामान, शिडें व दोर हीं त्यानेंच पूर्वीं मोडविलेल्या जहाजांचीं, लांकूड डोंगरांतलें. सुट्या फळ्या हजारों हमालांनीं खांद्यावरून घांटापलीकडे तेश्कोकोला आणिल्या. तेश्कोको आतां कोर्तेसच्या बाजूला होतें. ज्या नेसावाल्कोयोत्लनें बांध घातला त्याचाच नातू इश्त्लिल्सोचित्ल शहरावर चालून जाण्यास सिद्ध झाला होता.

दरम्यान शहरांत एक शत्रु अगोदरच पोंचला होता. १५२० च्या शरद ऋतूंत देवीची सांथ आली. तिकडच्या लोकांना हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हता, त्यामुळें अंगांत प्रतिकाराची शक्ति नव्हती. घरेंच्या घरें एकदम आजारी पडलीं. पाणी देण्यासहि कोणी उरला नाहीं. मोक्तेसूमाच्या मागून आलेला राजा क्वित्लावाक अवघ्या ऐंशी दिवसांच्या आंत देवीनें गेला. त्याच्या जागीं क्वाउतेमोक हा तरुण आला.

स्पॅनिश इस्तापालापा गांवांत लूट करीत असतां मेशिकांनीं मोठा बांध फोडला. खारें पाणी गांवांत घुसलें आणि कोर्तेस कसाबसा निसटला. शहर आपलेंच कवच शस्त्र म्हणून वापरूं लागलें होतें. १५२१ च्या एप्रिलअखेर गलबतें सरोवरांत उतरलीं. मेच्या शेवटीं कोर्तेसच्या सरदारांनीं सर्वांत आधीं जी गोष्ट केली ती म्हणजे चापुल्तेपेकचा तो जोडपाट फोडणें. मग तिन्ही सेतूंवर सैन्य बसलें व गलबतांनीं धान्याच्या होड्या अडविल्या. स्पॅनिश शिपाई हजाराच्या आंतच होते. त्यांच्याबरोबर त्लाश्काला, तेश्कोको व इतर राज्यांचे लोक हजारोंनीं होते. दिवसा कोर्तेसचे लोक सेतूंतील व कालव्यांतील फटी बुजवीत, रात्रीं मेशिका त्या पुन्हां उकरीत. शेवटीं कोर्तेसनें प्रत्येक घर पाडून त्याच्याच दगडविटांनीं कालवे भरण्याचा हुकूम दिला. शहराचें पाणी शहराच्याच भिंतींनीं बुजलें. आंतले लोक मचूळ पाणी पीत, पाली, गवत व कातडें खात अडीच महिने लढले. १३ ऑगस्टला क्वाउतेमोक होडींतून जातांना पकडला गेला.

जेत्यांनीं त्याच जागीं, त्याच दगडांनीं नवी राजधानी बांधली; पण त्या पाण्याचा स्वभाव त्यांना कळला नाहीं. फुटलेल्या बांधाची नीट डागडुजी झाली नाहीं, डोंगरावरील जंगल तुटलें, गाळ वाढला. १५५५ सालीं पूर आला तेव्हां घाईनें नवा बांध घालावा लागला. १६०७ पासून डोंगर फोडून पाणी खोऱ्याबाहेर काढण्याचें काम सुरू झालें. तरीहि १६२९ मध्यें आलेला पूर १६३४ पर्यंत ओसरला नाहीं. लोक पांच वर्षें होड्यांतून फिरले. जुन्या राजांनीं पाण्याचे भाग पाडून त्याच्याशीं जमवून घेतलें होतें. नव्यांनीं तें हांकलून देण्याचा निश्चय केला, आणि १९०० सालीं मोठा कालवा पुरा होतांच सरोवराचा बराचसा भाग नाहींसा झाला. तळाची ओली माती आतां वाळून आकसत आहे, खालचें पाणी विहिरींनीं उपसलें जात आहे, आणि शहर खचत आहे. विसाव्या शतकांत कांहीं भाग तीस फूट खालीं गेले. १९१० सालीं उभारलेला स्वातंत्र्यदेवतेचा स्तंभ खोल खांबांवर असल्यामुळें जागच्या जागीं राहिला व भोंवतालचा रस्ता खालीं गेला; म्हणून त्याच्या पायथ्याला पुढें चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या.

शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथें कांहीं चिनाम्पा अद्याप कसल्या जातात. १९८७ सालीं त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. तेथले झरे विसाव्या शतकाच्या आरंभीं राजधानीच्या नळांकडे वळविण्यांत आले, त्यामुळें कालव्यांत आतां शुद्ध केलेलें सांडपाणी सोडावें लागतें. ऑक्टोबर महिन्यांत त्या कालव्यांतून झेंडूच्या रोपांनीं भरलेल्या होड्या निघतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणांतला झेंडूहि मूळचा तिकडचाच. तेथें तो नोव्हेंबरच्या आरंभीं, पितरांच्या सणाला लागतो.